दोन कारणे, एक क्लॉक: ३.४ गिगाहर्ट्झवरून खाली न येणाऱ्या लॅपटॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घरातूनच डीटीपी करणाऱ्या एका ताईंच्या लॅपटॉपचे हे प्रकरण. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही वर्षभराची कामे, आणि श्रावण सरला की दोन-तीन दिवाळी अंकांची पाने. अंकाच्या कामात जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, लेखकांच्या दुरुस्त्या फोनवर येतात आणि छापखान्याने दिलेली तारीख मात्र हलत नाही. लॅपटॉप चार दिवस दुकानात टाकून ठेवण्याची सोय त्या दिवसांत नसते. या प्रकरणातले बरेच निर्णय त्या तारखेच्या धाकाने झाले, म्हणून हे आधी सांगितले. माणसे, गाव आणि दुकान ओळखता येईल असे काही इथे ठेवलेले नाही.

मशीन साधेच होते. इंटेलचा आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज १०. हा प्रोसेसर २०१७ सालचा. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या ओळी), बेस क्लॉक म्हणजे नेहमीचा वेग १.६ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे जोराच्या कामात गाठायचा वेग ३.४ पर्यंत, आणि १५ वॅटच्या पातळ लॅपटॉपसाठी बनवलेला. वय झाले असले तरी पानांच्या कामाला पुरून उरतो.

उन्हाळ्यात ताईंनी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकली आणि वर "एकदम फास्ट करून दिलाय" असे सांगितले. लॅपटॉप खरोखरच फास्ट झाला होता. जून, जुलै, ऑगस्ट काहीही तक्रार नव्हती. या तीन महिन्यांना पुढे महत्त्व येणार आहे.

अडचण

गणपती झाल्यानंतर पंखा थांबेना. सकाळी लॅपटॉप सुरू केला की दहा मिनिटांत पंखा पूर्ण वेगाने, तो झाकण मिटेपर्यंत तसाच. कीबोर्डच्या डाव्या बाजूला हाताला चटका बसावा इतकी गरमी. पूर्वी तीन तासांच्या आसपास जाणारी बॅटरी तास-सव्वा तासात संपू लागली. मोठ्या अंकाची पीडीएफ काढताना तर तापमान वर जाऊन प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायचा आणि काम रेंगाळायचे.

ताईंचा भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर पाहिले तर स्पीड ३.३ ते ३.४ गिगाहर्ट्झ. सगळे प्रोग्रॅम बंद केले तरी तेच, अर्धा तास हात न लावता ठेवला तरी तेच. तेव्हापासून घरात या दुखण्याला "क्लॉक अडकलाय" हे नाव पडले. नाव चुकीचे नव्हते, पण त्यामुळे पुढे जो तो फक्त त्या एका आकड्याकडे बघत राहिला.

आधी केलेले उपाय

भाच्याने जे केले त्यात मला चुकीचे काही दिसत नाही. शिकवले जाते तसेच त्याने केले: एका वेळी एकच बदल, मग निरीक्षण, फरक पडला नाही तर बदल मागे.

प्रोसेसेसच्या यादीत "स्पूलर सबसिस्टम ॲप" सर्वांत वर होते, साधारण २६-२७ टक्क्यांवर. छपाईची कामे रांगेत लावणारी ही विंडोजची सेवा. काहीही छापायचे नसताना ती एवढी का राबते, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने ती बंद केली. मिनिटभर थांबून पाहिले. क्लॉक ३.४. म्हणजे हे कारण नाही असे धरून त्याने सेवा परत सुरू केली, कारण ताईंना प्रूफ काढायची होती.

मग पॉवर ऑप्शन्समध्ये "अल्टिमेट परफॉर्मन्स" हा प्लॅन, म्हणजे वीज आणि वेग यांच्या सेटिंगचा संच, निवडलेला दिसला. त्याने तो "बॅलन्स्ड" केला. क्लॉक ३.४. म्हणजे हेही नाही. दुकानदाराने लावून दिलेली सेटिंग मोडायला नको म्हणून तीही पूर्ववत ठेवली.

व्हायरस तपासला, निघाला नाही. शेवटी दुकानात नेला. तिथे थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) बदलून पंख्यातली धूळ काढून दिली. दोन-तीन अंशांचा फरक पडला, क्लॉक जागचा हलला नाही. पुढचे निदान "बोर्डावर पॉवर सेक्शन गेलाय", म्हणजे मदरबोर्डवरचा वीज पुरवणारा भाग बिघडलाय, असे होते, आणि बोर्ड बदलायचा खर्च त्या जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त. या टप्प्यावर ताईंचा मला फोन आला. "दादा, बोर्ड बदलायचा असेल तर बदलू, पण अंक गेल्यावर. तोवर हा टिकेल का एवढंच सांगा."

पहिला निर्णय: बिघाड वस्तूत आहे की व्यवस्थेत

बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळालेला असताना आधी त्याचाच निकाल लावणे भाग होते. त्यासाठी स्क्रू उघडावा लागत नाही. उबंटूची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, डिस्कवर काहीही न टाकता, लॅपटॉप विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर सुरू केला. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, पंखा तोच. बदलली फक्त वर चालणारी व्यवस्था. याआधी एक खबरदारी घेतली: डिस्कवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू नाही ना हे पाहिले. तो चालू असेल तर बूटची सेटिंग बदलताना विंडोज रिकव्हरी की मागू शकते, आणि की हाताशी नसेल तर अंकाची पाने आतच अडकतात.

लिनक्समध्ये क्लॉकची मर्यादा ४०० मेगाहर्ट्झ ते ३.४ गिगाहर्ट्झ अशी दिसली आणि रिकामे सोडल्यावर आकडे ७००-८०० मेगाहर्ट्झच्या आसपास खेळू लागले. ब्राउझर उघडला की क्षणात तीनच्या वर, मिटला की परत खाली. थोड्या वेळाने पंखाही शांत झाला.

म्हणजे प्रोसेसर उतरू शकतो, उतरतोही. बोर्ड निर्दोष. हा निर्णय अर्ध्या तासात झाला, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत किफायतशीर अर्धा तास. बोर्ड बदलायला सांगणाऱ्या कोणाकडूनही ही चाचणी मागावी. ती फुकट आहे.

दुसरा निर्णय: नेमके काय मोजायचे

इथे थोडे तंत्र सांगावे लागेल, कारण सगळा घोळ त्यातच होता.

प्रोसेसर खर्च करतो ती वीज साधारणपणे क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जास्त क्लॉकला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून ३.४ वर काम करणे ०.८ वर काम करण्यापेक्षा कितीतरी महाग. पण हे काम करत असतानाचे. काम नसेल तर कोअर झोपतो. या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात. जागा कोअर सी-शून्यात, आणि खोल पायरीवर त्याचा क्लॉक थांबतो, पुढे वीजही तोडली जाते. झोपलेल्या कोअरचा क्लॉक किती, या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. टास्क मॅनेजरमधला स्पीड हा कोअर जागा असतानाचा वेग आहे. शंभरातले दोनच क्षण जागा असेल आणि त्या दोन क्षणांत ३.४ वर पळत असेल, तरी आकडा ३.४ च्या जवळपासच दिसणार, आणि लॅपटॉप मात्र थंड राहणार.

म्हणून एकट्या क्लॉककडे बघून काही ठरवायचे नाही असे ठरवले. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन लावले आणि तीन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या: कोअर क्लॉक, इफेक्टिव्ह क्लॉक आणि पॅकेज पॉवर. इफेक्टिव्ह क्लॉकमध्ये झोपेचा वेळही धरलेला असतो, त्यामुळे खरे काम किती झाले ते कळते. पॅकेज पॉवर म्हणजे संपूर्ण प्रोसेसर किती वॅट खातो आहे.

पडद्यावर जे दिसले ते असे. कोअर क्लॉकच्या चारही ओळी ३३९० च्या आसपास, एकसारख्या. या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये कोअर एकाच क्लॉकवर चालतात, त्यामुळे त्यात नवल नाही. इफेक्टिव्ह क्लॉकच्या आठ ओळी मात्र वेगळेच सांगत होत्या. एखादी ओळ दोन-तीन हजारांवर, दुसरी हजारावर, बाकीच्या तीस, पन्नास, ऐंशी मेगाहर्ट्झ. मोठा आकडा एका ओळीवर टिकत नव्हता. विंडोज काम या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहते, तसा तो उड्या मारत होता. पण आठही ओळींची बेरीज दर वेळी साडेतीन गिगाहर्ट्झच्या मागेपुढेच येत होती. सरळ अर्थ असा की एकच थ्रेड, पूर्ण दमाने, अखंड पळतो आहे. पॅकेज पॉवर १० ते ११ वॅट. रिकाम्या लॅपटॉपला दीड-दोन वॅट पुरतात.

भाच्याने पाहिलेले २६-२७ टक्के आता उलगडले. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर हीच स्पूलर सेवा १२-१३ टक्क्यांवर होती. आठ थ्रेडपैकी एक पूर्ण व्यापला तर १२.५ टक्के. विंडोज १० मध्ये प्रोसेसेस आणि परफॉर्मन्सची पाने या वेळेला बेस क्लॉकच्या तुलनेतल्या वेगाने गुणून दाखवतात: ३.४ भागिले १.६ म्हणजे साधारण २.१२, गुणिले १२.५, म्हणजे साडेसव्वीस. दोन्ही आकडे खरे, मोजमाप वेगळे. रोज टास्क मॅनेजर वापरणाऱ्यालाही हा फरक सहसा ठाऊक नसतो, आणि "पंचवीस टक्केच तर वापर आहे" असे म्हणून माणूस पुढे जातो. त्या पंचवीस टक्क्यांत एक अख्खा थ्रेड श्वासही न घेता राबत असतो.

तिसरा निर्णय: निर्दोष सुटलेल्यांची पुन्हा चौकशी

आता स्पूलर राबतो आहे हे दिसत होते. पण भाच्याचा आक्षेप रास्त होता: "मी तो बंद करून पाहिलाय. क्लॉक उतरला नाही." पॉवर प्लॅनबद्दलही त्याचे तेच म्हणणे.

दोन कारणे असतील आणि दोन्ही स्वतंत्रपणे क्लॉक वर धरून ठेवायला पुरेशी असतील, तर एक काढून काहीच दिसणार नाही. दोघांनी आतून दार दाबून धरले असेल तर एकाने हात काढला तरी दार उघडत नाही, आणि बाहेरच्याला वाटते की याने दार धरलेच नव्हते. एक बदल करा, फरक नसेल तर मागे घ्या, ही शिस्त कारण एकच असते तेव्हा उत्तम चालते. इथे तिनेच दोन्ही कारणांना सोडून दिले होते.

म्हणून चारही जोड्या क्रमाने तपासल्या. चार्जर लावलेला, पडद्याचा उजेड तोच, आणि प्रत्येक जोडीला दहा-बारा मिनिटे, कारण तापलेला हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, लगेच थंड होत नाही.

अल्टिमेट परफॉर्मन्स, स्पूलर चालू: क्लॉक ३.४, पॉवर १०-११ वॅट, तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास.

बॅलन्स्ड, स्पूलर चालू: क्लॉक ३.४, पॉवर जवळपास तेवढीच. यात काही गैर नाही. एक थ्रेड सतत काम मागतो आहे, चार्जर लावलेला आहे, तर प्रोसेसरने टर्बोवर पळावे हेच अपेक्षित.

अल्टिमेट परफॉर्मन्स, स्पूलर बंद: क्लॉक ३.४. भाच्याने पाहिले होते ते हेच. पण पॉवर ३ ते ४ वॅट, आणि तापमान पाचेक मिनिटांनी साठीच्या खाली. त्याने मिनिटभरात क्लॉक पाहिला आणि सेवा परत सुरू केली. पंखा मंदावायला वेळच मिळाला नव्हता.

बॅलन्स्ड, स्पूलर बंद: क्लॉक ०.८ ते १.२ मध्ये खेळणारा, पॉवर दोन वॅटच्या आत, तापमान ४५-४८, पंखा बंद.

मला यातली तिसरी जोडी सर्वांत बोलकी वाटते. सगळे ज्या आकड्याला दोष देत होते तो आकडा तिथे तसाच वर आहे, आणि तरीही उष्णतेचा मोठा भाग गेलेला आहे. क्लॉक वर धरणारा प्लॅन मे महिन्यापासून होता. जून ते ऑगस्ट क्लॉक तसाच ३.४ वर असणार, फक्त टास्क मॅनेजर उघडून कोणी पाहिले नव्हते. गणपतीनंतर आला तो स्पूलर. ताईंना "नेमके कधीपासून" हे विचारले तेव्हा त्यांनी बिनचूक सांगितले होते, आणि दुकानातल्या कामाची तारीख त्याच्याशी जुळत नव्हती. ती न जुळणारी तारीखच दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवत होती.

कोणते पर्याय बाजूला ठेवले

कारणे हाती येण्याआधी आणि नंतरही काही सोपे उपाय समोर होते. ते का घेतले नाहीत ते सांगतो, कारण असे दुखणे घेऊन येणाऱ्याला बहुतेक वेळा हेच सुचवले जातात.

पॉवर प्लॅनमध्ये "मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट" ९९ टक्के केली की टर्बो बंद होतो. क्लॉक १.६ वर येतो, लॅपटॉप थंड होतो, पाच मिनिटांचे काम. पण एक थ्रेड फुकट राबतच राहतो, आणि पीडीएफ काढायला लागणारा वेळ दुपटीच्या जवळ जातो. अंकाच्या आठवड्यात हे परवडणारे नव्हते. अगदीच अडले असते तर एका रात्रीपुरता मी हा उपाय सुचवला असता, त्याहून जास्त नाही.

व्होल्टेज कमी करण्याचा म्हणजे अंडरव्होल्टचा उपाय पूर्वी या पिढीच्या लॅपटॉपवर फार चालायचा. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाल्यावर अनेक कंपन्यांनी बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या (फर्मवेअरच्या), अपडेटमधून तो मार्ग बंद केला. इथेही बंद होता. उघडा असता तरी रोग वेगळाच होता.

बायोस अपडेट नको म्हटले, कारण बॅटरीचा भरवसा नव्हता आणि गावात वीज केव्हाही जाते. लाइव्ह पेनड्राइव्हने फर्मवेअर निर्दोष ठरवलेच होते.

विंडोज पुन्हा टाकणे हा पर्याय मात्र विचार करण्यासारखा होता. खरे तर त्याने दोन्ही कारणे एका दमात गेली असती. पण मराठी फॉन्ट, कीबोर्ड लेआउट, पानांचे टेम्प्लेट, प्रिंटरची प्रोफाइल हे सगळे परत बसवण्यात ताईंचे दोन दिवस गेले असते. शिवाय विंडोज त्याच दुकानात टाकली जाणार होती, आणि तिथे प्लॅनचे कारण पुन्हा आपोआप बसले असते. हे का, ते पुढे येते.

केलेली कारवाई

स्पूलरचे काम आधी घेतले. छापखान्याने गणपतीच्या सुमारास जुना प्रिंटर काढून नवा घेतला होता. ताई पूर्वी लॅपटॉप तिथे नेऊन प्रूफ काढायच्या. त्या जुन्या प्रिंटरला धाडलेले एक काम रांगेत अडकले होते. प्रिंटर नेटवर्कवर उरलाच नव्हता आणि सेवा मात्र ते काम पुन्हा पुन्हा पुढे ढकलत होती. रांगेतून ते "डिलीट" केले तर "डिलीटिंग" असे लिहून तिथेच बसले. मग स्पूलर सेवा थांबवली, विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचे फोल्डर उघडले, आतल्या एसपीएल आणि एसएचडी फाइली काढल्या आणि सेवा परत सुरू केली. सेवा थांबवल्याशिवाय त्या फाइली हलत नाहीत, आणि फाइली काढल्याशिवाय सेवा सुरू केली तर ती तेच काम परत उचलते. जुन्या प्रिंटरची नोंद आणि त्याचा ड्रायव्हरही काढून टाकला. ताईंच्या घरच्या प्रिंटरवर एक पान छापून पाहिले, व्यवस्थित आले.

प्लॅन बॅलन्स्ड केला. क्लॉक उतरला, पंखा थांबला, ताई म्हणाल्या, "आता आवाजच येत नाही, चालू आहे ना?" आणि सगळे संपले असे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला: क्लॉक परत ३.४. पंखा तेवढा नाही, पण आकडा तोच.

दोन्ही कारणे वेगळी करून ठेवल्याचा फायदा इथे झाला. पॉवर तीन-साडेतीन वॅट, स्पूलर शांत. म्हणजे परत आला आहे तो फक्त प्लॅन. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी या विंडोजच्या वीजविषयक कमांडला प्लॅनची यादी मागितली. पडदा भरून "अल्टिमेट परफॉर्मन्स", "अल्टिमेट परफॉर्मन्स", "अल्टिमेट परफॉर्मन्स" अशा ओळीच ओळी आल्या, एका खाली एक, प्रत्येकीचा ओळखक्रमांक निराळा, आणि शेवटच्या ओळीपुढे चालू असल्याचा तारा.

हा प्लॅन विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीत, २०१८ साली, वर्कस्टेशनसाठी म्हणून आला. बॅटरीवर चालणाऱ्या मशीनवर विंडोज तो स्वतःहून देत नाही. तो कमांडने "डुप्लिकेट" करून आणावा लागतो, आणि ती कमांड जितक्यांदा चालवाल तितक्या प्रती तयार होतात. यादीत इतक्या प्रती आहेत म्हणजे कोणीतरी ती कमांड रोज चालवते आहे. ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारा टास्क शेड्युलर उघडला तर लॉगिनच्या वेळी एक बॅच फाइल (एकामागून एक कमांड लिहिलेली फाइल) चालवणारे काम तिथे होते: प्लॅनची नवी प्रत काढायची आणि ती चालू करायची. "फास्ट करून दिलाय" म्हणजे हे.

दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, हे मी ताईंनाही सांगितले. डेस्कटॉपवर त्याने काही बिघडत नाही. लॅपटॉपवर मात्र या प्लॅनमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के असते आणि ऊर्जा की वेग यातला कल पूर्णपणे वेगाकडे झुकलेला असतो. २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये स्पीड शिफ्ट आहे. क्लॉक किती ठेवायचा ते प्रोसेसर स्वतः ठरवतो, विंडोज त्याला फक्त मर्यादा आणि कल सांगते. इथे सांगितलेला कल होता, कधीही उतरू नको.

ते काम शेड्युलरमधून आधी बंद केले, दोन दिवस पाहिले, मग काढले. प्लॅनच्या प्रती पुसल्या, मूळ प्लॅन रिस्टोर केले. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रती पुसून काम तसेच ठेवले असते तर पुढच्या लॉगिनला पहिली प्रत परत हजर झाली असती.

परिणाम

रिकाम्या अवस्थेत क्लॉक ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, पॅकेज पॉवर दोन वॅटच्या आत, तापमान पंचेचाळीसच्या घरात. अंकाची पीडीएफ काढताना क्लॉक ३.४ ला जातो आणि काम संपले की उतरतो. आता थंड अवस्थेतून सुरुवात होत असल्याने तो मधेच अडखळत नाही, आणि ताईंच्या अंदाजाने पीडीएफ पूर्वीपेक्षा लवकर निघते. "फास्ट" प्लॅन काढल्यावर मोठे काम जास्त फास्ट झाले.

बॅटरी मात्र पूर्वीच्या तीन तासांवर परतली नाही. पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळ क्षमतेच्या मानाने भरणारी क्षमता बरीच खाली आलेली दिसली. ती तशीही जुनी होती, त्यात महिनाभराची धग. सव्वादोन तासांच्या आसपास जाते. अंक गेल्यावर नवी बसवायचे ठरले. बोर्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. दोन्ही अंक वेळेवर छापखान्यात गेले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, अगदी भाच्याच्या पहिल्याच दिवशी, पॉवरसीएफजीचा "एनर्जी" अहवाल काढता आला असता. ॲडमिन म्हणून कमांड दिली की विंडोज साठ सेकंद मशीनचे निरीक्षण करते आणि ब्राउझरमध्ये उघडणारा अहवाल तयार करते. किमान प्रोसेसर पातळी १०० टक्के आहे ही नोंद त्यात येते, आणि प्रोसेसरचा वापर जास्त असेल तर कोणती प्रोसेस किती खाते त्याची यादीही. या लॅपटॉपवर दोन्ही कारणे त्या एका पानावर शेजारी-शेजारी दिसली असती. मी तो अहवाल नंतर, तुलनेसाठी, जुनी स्थिती मुद्दाम परत आणून काढला. दोन्ही नोंदी होत्या.

दुसरे, बदल मागे घेण्याच्या सवयीबद्दल. एखादा बदल स्वतःहून योग्य असेल, तर त्याने लक्षण गेले नाही म्हणून तो मागे घेऊ नये. लॅपटॉपवर बॅलन्स्ड प्लॅन असणे योग्यच आहे, रिकामा स्पूलर शांत असणे योग्यच आहे. भाच्याने पहिला बदल तसाच ठेवून दुसरा केला असता, तर त्याच दुपारी क्लॉक उतरला असता. प्रयोग म्हणून केलेला बदल आणि दुरुस्ती म्हणून केलेला बदल यांना वेगळे नियम लावायला हवेत. हे मी त्याला समजावून सांगितले, आणि त्याने लगेच विचारले की मग तीन कारणे असतील तर काय. उत्तर तेच: क्लॉकसारखे एकच हो-नाही लक्षण धरून बसू नका, वॅटसारखी पायरीपायरीने उतरणारी गोष्ट मोजा. एक कारण गेले की ती थोडी उतरते, आणि अजून किती उरले आहे तेही सांगते.

तिसरे, दुकानाबद्दल. पेस्ट बदलण्याआधी डिटेल्सचे पान उघडायला दोन मिनिटे पुरली असती. ताईंनी तिथे जाऊन शांतपणे सगळे दाखवले, प्लॅनच्या त्या प्रतींच्या यादीचा फोटोही. लॅपटॉपवर ती बॅच फाइल यापुढे टाकणार नाही असे त्याने कबूल केले. आधी टाकून दिलेल्या लॅपटॉपांसाठी, ती काढायच्या पायऱ्या भाच्याने मराठीत एका कागदावर लिहून त्याच्या काउंटरवर ठेवल्या आहेत: आधी शेड्युलरमधले काम, मग प्लॅनच्या प्रती, मग रिस्टोर, आणि शेवटी एकदा लॉगआउट करून परत तपासणी.